पी०१७१: एका पिवळ्या दिव्याचा इतिहास

तर झालं असं, की आमच्या २०१४ सालच्या सेकंडहँड गाडीचा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा चार महिने पेटत होता, विझत होता, परत पेटत होता. कोड दर वेळी तोच. पी०१७१. सिस्टिम टू लीन, बँक वन. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग दुसरा सेन्सर ("साहेब, पहिला पीस खराब निघाला असेल"). दहा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या सेन्सरची गोष्ट निघाली तेव्हा मी गाडी घरी आणली आणि शनिवार-रविवार वाचत बसलो. एरर लॉगमधे दिसली की जिथून ती छापली गेली तीच ओळ बदलत सुटणारा ज्युनिअर आपण सगळ्यांनी पाहिलाय. (कधीकाळी आपणच तो होतो.) इथे तसंच काहीतरी चालू आहे असा मला दाट संशय होता.

या दिव्याची गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमधे, २६ जुलै १९४३ ला. भर महायुद्धात शहरावर असा धूर दाटला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, आणि काहींना वाटलं जपान्यांनी विषारी वायू सोडला! कारखान्यांवर आळ आला, पण धूर काही हटेना. पुढे आरी हागेन-स्मित नावाचा एक डच रसायनशास्त्रज्ञ यात पडला. गंमत म्हणजे कॅलटेकमधे हा गडी अननसाच्या वासावर संशोधन करायचा. त्याने शहराची हवा गोळा करून तपासली आणि १९५० च्या सुमारास दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि तेल उद्योगाच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. ओझोन मोजायची त्याची युक्ती तर भन्नाट: रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला किती वेळात चिरा पडतात ते बघायचं. तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्याचं म्हणणं खोडून काढायचा बराच प्रयत्न केला. शेवटी कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा पहिला अध्यक्ष हागेन-स्मितच झाला.

१९७० च्या अमेरिकन क्लीन एअर ॲक्टने गाड्यांचं प्रदूषण ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं आणि कंपन्यांची झोप उडाली. १९७५ च्या मॉडेल्समधे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, पण ते फक्त अर्धं काम करायचे. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल साफ करायला ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून तो काढून घ्यावा लागतो. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारा थ्री-वे कॅटॅलिस्ट जमतो, पण एका अटीवर: वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. जरा इकडेतिकडे झालं की खेळ खल्लास. कार्ब्युरेटरला एवढी शिस्त कुठली?

इथे वॉल्टर नर्न्स्ट कामाला आला. त्याने १८९७ च्या सुमारास झिर्कोनिया वापरून एक दिवा बनवला होता. झिर्कोनिया तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर ठेवला, तर ऑक्सिजनमधल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, नसेल तर ०.९ च्या. बॉशने याचा लॅम्डा सेन्सर केला आणि १९७६ मधे व्होल्वोने तो कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बसवला.

आता मुद्दा. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो फक्त धुरातला ऑक्सिजन बघतो. 'लीन' हा कॉम्प्युटरने काढलेला निष्कर्ष आहे. ऑक्सिजन उरला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती बहुतेक गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास पोचली की कॉम्प्युटर हात टेकतो आणि पी०१७१ लिहून ठेवतो. दोष मात्र कुठेही असू शकतो: अशक्त फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर, मळलेला एअर फ्लो सेन्सर, फुटकी नळी, किंवा सेन्सरच्या आधी फुटलेला एक्झॉस्ट. बहुतेक वेळा सेन्सर हा नुसता साक्षीदार. आम्ही दोनदा साक्षीदारालाच शिक्षा केली होती.

आणि हा दिवा मुळात मेकॅनिकच्या सोयीसाठी सक्तीचा झालाच नाही. धूर वाढला तर कळावं म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेल्सपासून तो लावायला सांगितला. तोवर प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे. ओबीडी-टू मुळे १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कार्सना एकच १६ पिनांचं सॉकेट आणि एकच कोडभाषा आली. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि भारत स्टेज चारबरोबर २०१० ला ओबीडी-वन, २०१३ ला ओबीडी-टू.

असो. रविवारी ब्लूटूथचा डोंगल लावून ट्रिम वाचली. आयडलिंगला २७ टक्के. इंजिन २५०० आरपीएमवर धरलं तर ६. म्हणजे पंप नाही! पंप किंवा फिल्टर दमला असता तर पेट्रोलची मागणी वाढल्यावर आकडा चढला असता. चिरेतून शिरणारी चोरटी हवा मात्र आयडलिंगला एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, वेग वाढला की किरकोळ होते. (हे एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीचं गणित. ज्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजतात त्या वेगळं वागतात.)

सोमवारी हे आकडे गॅरेजवाल्या काकांना दाखवले. खरं तर भांडायच्याच तयारीने गेलो होतो. काकांनी आकडे दोनदा वाचले, "अहो, हे आधी का नाही दाखवलं?" म्हणाले, आणि बॉनेट उघडून थेट इंजिनाच्या मागे हात घातला. पीसीव्हीची रबरी नळी, खालच्या बाजूला, बोटभर चीर. वरून काहीच दिसत नव्हतं. आता ती ओझोनने फाटली की उष्णतेने आणि तेलाने, ते हागेन-स्मितलाच विचारायला हवं.

नळी साडेचारशे रुपये. ट्रिम आता ३ टक्क्यांवर आहे, आणि दिवा सहा आठवडे झाले बंद आहे. काकांनी मजुरी घेतली नाही, मीही सेन्सरचे पैसे परत मागितले नाहीत. काढलेले दोन्ही सेन्सर माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत, बहुतेक ठणठणीत असावेत. :)