बोडी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मोनो काउंटीमधले ओसाड पडलेले खाणगाव. सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेच्या पूर्वेस, सुमारे २,५५० मी. उंचीवरच्या उघड्याबोडक्या माळावर ते वसले. १८५९ मध्ये डब्ल्यू. एस. बोडी याला येथे सोने सापडले. त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात मरण पावला. नंतरची पंधराएक वर्षे वस्ती किरकोळच होती. १८७५ च्या सुमारास एका खाणीचा भाग ढासळला आणि सोन्याने समृद्ध असलेला दगड उघडा पडला. त्यावर स्टँडर्ड कंपनी उभी राहिली आणि १८८० पर्यंत वस्ती सात-आठ हजारांच्या घरात गेली, असा अंदाज केला जातो. मुख्य रस्त्यावर तेव्हा साठाहून अधिक दारूचे गुत्ते होते असे सांगतात, आणि गुत्ते, पिस्तुले व खून यांचे गाव हीच बोडीची ख्याती आजवर टिकून आहे. ही ख्याती निराधार नाही. पण तिच्यामुळे गावाचा खरा स्वभाव झाकला जातो. बोडी हे मुळात मजुरीवर चालणारे कारखान्याचे गाव होते, आणि तिथले गुत्तेही त्या मजुरीचेच अपत्य होते.

कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झालेल्या १८४९ च्या धावपळीतल्या सुवर्णशोधकाला नदीची वाळू धुवायला एक परात पुरत असे. बोडीचे सोने मात्र गारगोटीच्या शिरांमध्ये खोल अडकलेले होते. ते काढायला विहिरीसारख्या उभ्या खाणी, वाफेची यंत्रे आणि भागधारकांचे भांडवल लागे. गिरणीत लोखंडी मुसळांच्या रांगा दगडाचा चुरा करीत. पाण्याबरोबर वाहणारा हा गाळ पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून जाई, सोने पाऱ्याला धरून बसे, आणि पुढे उष्णता देऊन पारा उडवला की सोने मागे उरे. परिसरात झाडे नसल्याने सरपण आणि इमारती लाकूड दुरून आणावे लागे. त्यासाठी १८८१ मध्ये मोनो सरोवराच्या दक्षिणेकडील जंगलापर्यंत अरुंद रुळांची रेल्वे टाकली गेली. या व्यवस्थेत सामान्य माणूस सोन्याचा मालक नव्हता, दिवसाला चार डॉलर मिळवणारा खाणकामगार होता. १८७७ मध्येच कामगारांनी आपली संघटना बांधली. तिचे सभागृह आजही उभे आहे. बहुतेक जण एकटे, भाड्याच्या खोलीत राहणारे. कडाक्याच्या थंडीत पेटती शेगडी, दिवा, पत्त्यांचे टेबल आणि गावची बातमी एकाच छताखाली मिळे ती गुत्त्यातच.

यावर आक्षेप येतो तो हिंसाचाराचा, आणि तो टाळण्याजोगा नाही. रॉजर मॅक्ग्रा या इतिहासकाराने १९८४ च्या अभ्यासात दाखवले की बोडीत खुनांचे प्रमाण खरोखरच फार मोठे होते. मात्र चोरी, घरफोडी आणि वाटमारी कमी होती. मरणारे आणि मारणारे बहुधा शस्त्र बाळगणारे, प्यालेले तरुण होते. आपखुशीने भांडणात न पडणारा माणूस बऱ्यापैकी सुरक्षित होता. म्हणजे सर्वत्र बेबंदशाही होती असे नव्हे. तरीही १८८१ मध्ये जमावाने एका आरोपीला फाशी दिली, हे विसरून चालणार नाही. न्यायालयावरचा अविश्वासही या गावाचाच भाग होता.

ऱ्हासही गुत्त्यांमुळे नव्हे, दगडातले सोने घटल्यामुळे झाला. १८८० नंतर लोक नव्या खाणींकडे वळले. १८९० च्या दशकात सायनाइड प्रक्रियेने टाकाऊ चुऱ्यातूनही सोने काढता आले, आणि सुमारे २० किमी. अंतरावरच्या ओढ्यावर निर्माण केलेली वीज तारांवाटे गिरणीला पुरवली गेली. इतक्या अंतरावर वीज नेण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. १९४२ मध्ये युद्धकालीन आदेशाने सोन्याच्या खाणी बंद झाल्या. १९६२ पासून गाव राज्याचे ऐतिहासिक उद्यान आहे. इमारती नव्यासारख्या न करता आहेत त्या अवस्थेत टिकवणे हे तिथले धोरण. १८९२ आणि १९३२ च्या आगींनी व्यापारी पेठेचा मोठा भाग नष्ट केला. त्यामुळे आजच्या शंभराच्या आसपास इमारतींत घरे, चर्च, शाळा आणि स्टँडर्ड गिरणी ठळकपणे दिसतात. गुत्त्यांची संख्या ऐकून येणाऱ्या पर्यटकाने आधी ही गिरणी पाहावी.