लिनक्स सर्व्हरवर एलव्हीएम: डिस्क कशी मांडायची आणि भरल्यावर कशी वाढवायची

सर्व्हरची डिस्क भरली की काय होतं? डेटाबेसला नवीन नोंद लिहिता येत नाही, लॉग थांबतात, वेबसाईट चुकीचे मेसेज दाखवायला लागते. गंमत म्हणजे अनेकदा त्याच सर्व्हरवर दुसऱ्या पार्टिशनमध्ये भरपूर जागा मोकळी पडलेली असते. पण साध्या पार्टिशनची भिंत चालू सर्व्हरवर सरकवता येत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर वापरतात.

मी कामावर नवीन सर्व्हर लावते तेव्हा एक नियम पाळते: सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकायची नाही. का, ते लेख वाचताना लक्षात येईलच.

एलव्हीएम म्हणजे नेमकं काय?

शेतकरी वेगवेगळ्या पोत्यांतलं धान्य एका कणगीत ओततो आणि लागेल तसं मापाने काढून डब्यांत भरतो. डब्यातला दाणा कोणत्या पोत्यातला, याची घरात कुणी चौकशी करत नाही. एलव्हीएमचंही तसंच आहे.

• फिजिकल व्हॉल्यूम (पीव्ही): पोतं. म्हणजे तुमची डिस्क किंवा पार्टिशन.
• व्हॉल्यूम ग्रुप (व्हीजी): कणगी. सगळ्या पीव्हींची एकत्र जागा.
• लॉजिकल व्हॉल्यूम (एलव्ही): डबा. यावर फाइल सिस्टीम तयार करून आपण वापरतो.
• एक्स्टेंट: माप. ठरवून दिलं नाही तर एक एक्स्टेंट ४ एमबीचा असतो.

लिनक्ससाठीचं मूळ एलव्हीएम हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिलं. त्याची रचना एचपी-यूएक्स या युनिक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरवरून घेतलेली आहे. म्हणून दोन्हीकडे कमांडची नावंही सारखीच दिसतात. आज आपण वापरतो ते एलव्हीएम२, आणि ते कर्नलमधल्या डिव्हाइस मॅपरच्या आधाराने चालतं.

सुरू करण्याआधी

खालच्या सगळ्या कमांड रूट म्हणून किंवा सुडो लावून चालवायच्या. इथे त्या देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाईप करा. नावं लक्षात ठेवायला सोपी आहेत: डिस्कच्या कमांड पीव्हीने, ग्रुपच्या व्हीजीने आणि व्हॉल्यूमच्या एलव्हीने सुरू होतात.

आधी एलएसबीएलके चालवा. कोणत्या डिस्क आहेत, किती मोठ्या आहेत, कुठे माउंट आहेत, सगळं दिसेल. नवीन डिस्क समजा एसडीबी आहे. तिच्यावर काही जुनं आहे का ते बघायला:

वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी

पर्याय न देता चालवली तर ही कमांड काही पुसत नाही, फक्त जुन्या खुणा दाखवते. काहीच दिसलं नाही तरच पुढे जा. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, म्हणून डिस्कचा आकार आणि सिरीयल नंबरही जुळवून बघा. पुढची कमांड चुकीच्या डिस्कवर चालली तर मामला गंभीर होतो.

पाच पायऱ्यांत सेटअप

उदाहरणासाठी १०० जीबीची डिस्क घेऊ. ग्रुपचं नाव डेटा, त्यात डीबी आणि वेब असे दोन व्हॉल्यूम.

१. डिस्क एलव्हीएमच्या ताब्यात द्या:
पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीबी

२. ग्रुप बनवा:
व्हीजीक्रिएट डेटा /डेव्ह/एसडीबी

३. व्हॉल्यूम काढा:
एलव्हीक्रिएट -एल ४०जी -एन डीबी डेटा
एलव्हीक्रिएट -एल २०जी -एन वेब डेटा

इथला एल मोठ्या लिपीतला आहे. मोठा एल म्हणजे थेट आकार. छोटा एल लिहिला तर एक्स्टेंटची संख्या किंवा टक्केवारी द्यावी लागते.

४. फाइल सिस्टीम तयार करा:
एमकेएफएस.ईएक्सटी४ /डेव्ह/डेटा/डीबी
वेबसाठीही तसंच.

५. माउंट करा आणि /ईटीसी/एफएसटॅब मध्ये ओळ टाका. /डेव्ह/डेटा/डीबी हे नाव इथे बिनधास्त वापरता येतं. एलव्हीएम डिस्कवर लिहिलेल्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून तिला शोधतं, त्यामुळे एसडीबीची एसडीसी झाली तरी फरक पडत नाही.

एफएसटॅब बदलल्यावर लगेच रीबूट करू नका. आधी माउंट -ए चालवा. ओळ चुकली असेल तर तिथेच एरर येईल. नाहीतर सर्व्हर सुरू होताना मध्येच इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, आणि तो दूरच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर मग धावपळ.

आता व्हीजीएस चालवा. आकारापुढे "<" असं चिन्ह दिसेल आणि अनेक जण इथे गोंधळतात. १०० जीबीत ४ एमबीची २५,६०० मापं बसतात, पण पीव्हीच्या सुरुवातीची १ एमबी जागा मेटाडेटासाठी जाते. त्यामुळे शेवटचं माप पूर्ण भरत नाही आणि २५,५९९ उरतात. "<" म्हणजे १०० पेक्षा जरासं कमी. डीबीला १०,२४० आणि वेबला ५,१२० मापं गेली. शिल्लक १०,२३९, म्हणजे जवळपास ४० जीबी. ही शिल्लक तशीच राहू द्या!

जागा वाढवायची असेल तर

डीबी भरत आला. शिल्लक जागेतून २० जीबी द्या:

एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +२०जी /डेव्ह/डेटा/डीबी

सर्व्हर चालू, व्हॉल्यूम माउंट केलेला, तरी चालतं. छोटा -आर विसरलात तर डबा मोठा होतो पण फाइल सिस्टीमला ते कळत नाही, डीएफ तोच जुना आकडा दाखवत राहतो. घाबरू नका. ईएक्सटी४ साठी रीसाइझ२एफएस, एक्सएफएससाठी एक्सएफएस_ग्रोएफएस चालवलं की काम झालं.

ग्रुपमध्येच जागा संपली तर नवीन डिस्क जोडा, तिच्यावर पीव्हीक्रिएट करा आणि:

व्हीजीएक्स्टेंड डेटा /डेव्ह/एसडीसी

क्लाउडवर बऱ्याचदा नवीन डिस्क न जोडता आहे तीच मोठी करतात. तेव्हा पीव्हीरीसाइझ /डेव्ह/एसडीबी पुरतं. पीव्ही पार्टिशनवर असेल तर आधी पार्टिशन वाढवावं लागतं.

उबुंटू सर्व्हर वापरणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: "२०० जीबीची डिस्क आहे, पण १०० च का दिसते?" त्याचा इन्स्टॉलर एलव्हीएम वापरताना ग्रुपमधली काही जागा मुद्दाम मोकळी ठेवतो. ती हरवलेली नसते, व्हीजीएसमध्ये दिसते.

कमी करणं मात्र अवघड

वाढवताना आधी डबा मोठा होतो, मग फाइल सिस्टीम. कमी करताना क्रम उलटा: आधी फाइल सिस्टीम लहान, मग डबा. डबा आधी कापला तर शेवटच्या भागातला डेटा गेलाच समजा. ईएक्सटी४ लहान करायला अनमाउंट करावं लागतं, म्हणजे सेवा बंद. एलव्हीरिड्यूसला -आर दिलं तर क्रम ते स्वतः सांभाळतं, तरी आधी बॅकअप हवाच. एक्सएफएस तर रोजच्या वापरात लहान करताच येत नाही.

आमच्याकडे एकदा असा सर्व्हर सांभाळायला आला होता. इन्स्टॉल करताना उरलेली सगळी जागा होमला दिलेली, तीही एक्सएफएसवर. होम जवळजवळ रिकामं आणि व्हार ९८ टक्के भरलेलं. ग्रुपमध्ये शिल्लक शून्य. होमचा बॅकअप घ्यायचा, व्हॉल्यूम काढून टाकायचा, लहान करून पुन्हा बनवायचा, डेटा परत टाकायचा, असं सगळं रात्री सेवा बंद ठेवून करावं लागलं. शिल्लक ठेवलेली असती तर एका कमांडचं काम होतं.

म्हणून आजच्या गरजेपुरतंच द्या, बाकी ग्रुपमध्ये ठेवा. वाढवायला मिनिट लागतं, कमी करायला रात्र जाते.

एलव्हीएम काय करत नाही

ते बॅकअप नाही आणि साध्या मांडणीत डिस्क बिघडण्यापासून संरक्षणही देत नाही. उलट धोका वाढतो. समजा एका डिस्कची वर्षात बिघडण्याची शक्यता ३ टक्के आहे. अशा चार डिस्कवर एकच व्हॉल्यूम पसरला असेल तर त्यातली एक तरी बिघडण्याची शक्यता साडेअकरा टक्क्यांच्या आसपास जाते, आणि एक गेली की तो व्हॉल्यूम मोडतो. स्वतःच्या हार्डवेअरवर असाल तर खाली रेड लावा किंवा एलव्हीएमचाच रेड१ प्रकार वापरा.

स्नॅपशॉटबद्दलही गैरसमज आहेत. साधा स्नॅपशॉट फक्त बदललेल्या भागांची जुनी प्रत ठेवतो, आणि तीही त्याच ग्रुपमध्ये. त्याला दिलेली जागा पूर्ण भरली की तो निकामी होतो, मूळ डेटा मात्र शाबूत राहतो. योग्य वापर असा: स्नॅपशॉट घ्या, त्यावरून बॅकअप दुसऱ्या मशीनवर काढा, मग स्नॅपशॉट डिलीट करा. त्यासाठीही ग्रुपमध्ये शिल्लक लागतेच!

दोन उपयोगी गोष्टी

पीव्हीमूव्ह: एखादी डिस्क कुरकुर करायला लागली तर तिच्यावरची सगळी मापं चालू सर्व्हरवर दुसऱ्या डिस्कवर हलवता येतात. मग व्हीजीरिड्यूसने ती ग्रुपमधून बाहेर काढा. अर्थात, दुसरीकडे तेवढी जागा मोकळी हवी.

मेटाडेटाची प्रत: कोणतं माप कुठे आहे याचा नकाशा /ईटीसी/एलव्हीएम/बॅकअप मध्ये आणि जुन्या आवृत्त्या शेजारच्या अर्काइव्ह फोल्डरमध्ये आपोआप साठतात. व्हीजीसीएफजीरिस्टोर त्यावरून मांडणी परत आणतं, आतला डेटा नाही. ही फोल्डर सर्व्हरबाहेरही कॉपी करून ठेवा, कारण सर्व्हरच गेला तर नकाशाही जाईल.

मित्रांनो, हे सगळं पहिल्यांदा खऱ्या सर्व्हरवर करून बघू नका. लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन घ्या, त्याला २-२ जीबीच्या दोन डिस्क जोडा आणि ग्रुप बनवणं, वाढवणं, डिस्क बदलणं दोन-तीनदा करा. अर्ध्या तासात हात बसतो.