स्पॅनिश क्रियापदाची रूपावली

स्पॅनिश क्रियापदाची रूपावली : स्पॅनिश भाषेत काळ, अर्थ, पुरुष व वचन यांनुसार क्रियापदाला होणाऱ्या विकारांची व्यवस्था. स्पॅनिश ही लॅटिनपासून निघालेली रोमान्स भाषा असून तिच्यातील नामांच्या विभक्ती नष्ट झाल्या. क्रियापदाची विकारसमृद्धी मात्र बऱ्याच अंशी टिकून राहिली. व्याकरणग्रंथांत नियमित क्रियापदाचे कोष्टक एकसंध दिसते. प्रत्यक्षात त्यातील निरनिराळे स्तंभ निरनिराळ्या काळी घडलेले आहेत आणि त्यात कोणत्या रूपांना स्थान द्यावयाचे, हा प्रश्नही अनेक शतके वादाचा होता.

रचना : स्पॅनिश क्रियापदांचे तीन गण आहेत. सामान्यरूपाच्या अंती अनुक्रमे –आर, –एर व –ईर हे प्रत्यय असतात, उदा., कांतार (गाणे), कोमेर (खाणे), विवीर (जगणे, राहणे). सर्वांत मोठा गण –आरचा असून नव्याने घडणारी क्रियापदे सामान्यतः याच गणात जातात. कांतार या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपे कांतो, कांतास, कांता (एकवचन) व कांतामोस, कांताइस, कांतान (अनेकवचन) अशी होतात. प्रत्ययावरूनच पुरुष व वचन कळत असल्यामुळे, मराठीतील ‘येईन’, ‘येशील’ या रूपांप्रमाणेच, कर्तृवाचक सर्वनाम बहुधा अध्याहृत राहते.

अर्थ मुख्यतः तीन आहेत : वस्तुस्थिती सांगणारा स्वार्थ, इच्छा, शंका, हेतू, अपेक्षा इ. दाखविणारा संभावनार्थ; आणि आज्ञार्थ. ‘तो गातो’ यासाठी कांता, तर ‘त्याने गावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातील गौण वाक्यात कांते हे रूप येते. मराठी विध्यर्थाशी त्याचे काही साम्य असले, तरी संभावनार्थाचे क्षेत्र अधिक व्यापक आहे. स्वार्थाच्या पाच व संभावनार्थाच्या चार साध्या रूपमाला, आणि आबेर या साहाय्यक क्रियापदाने होणाऱ्या तितक्याच संयुक्त रूपमाला, अशा एकूण १८ रूपमाला होतात. प्रत्येकीत सहा रूपे धरल्यास ही संख्या १०८ भरते. आज्ञार्थ, सामान्यरूप व धातुसाधिते यांखेरीज ही गणना आहे.

आघाताला या व्यवस्थेत अर्थभेदक मूल्य आहे. कांतो या रूपात पहिल्या अवयवावर आघात असल्यास ‘मी गातो’, तर अंत्य अवयवावर असल्यास ‘तो गायला’ असा अर्थ होतो. लिपीत दुसऱ्या रूपातील अंत्य स्वरावर आघातचिन्ह देतात.

लॅटिन वारसा : लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गण होते. स्पॅनिशच्या घडणीत तिसरा गण लुप्त होऊन त्यातील क्रियापदे इतर गणांत विभागली गेली, उदा., लॅटिन वेंदेरे (विकणे) याचे स्पॅनिशमध्ये वेंदेर झाले, तर स्क्रीबेरे (लिहिणे) याचे एस्क्रिबीर झाले. वर्तमानकाळाची रूपे लॅटिनच्या बरीच जवळ राहिली. द्वितीय पुरुषी अनेकवचनाचे कांतातिस हे रूप मध्ययुगात कांतादेस असे झाले आणि पंधराव्या शतकात ‘द’ गळून कांताइस हे रूप रूढ होऊ लागले. अपूर्ण भूतकाळातील कांताबादेस यासारख्या रूपांतील ‘द’ मात्र सतराव्या शतकापर्यंत टिकून होता.

काही रूपमालांचे बाह्य रूप टिकले, पण अर्थ बदलला. ‘मी गायलो होतो’ या अर्थाचे लॅटिन कांतावेराम याचे कांतारा झाले व ते कालांतराने संभावनार्थाच्या भूतकाळात गेले. तेथे कांताविस्सेम या लॅटिन रूपापासून आलेले कांतासे हे रूप आधीपासून होते. त्यामुळे एकाच कार्यासाठी दोन रूपमाला असण्याची स्पॅनिशमधील विशेष स्थिती निर्माण झाली. अमेरिका खंडातील बोलीत आज कांताराचे प्राबल्य आहे.

नव्या रूपांची निर्मिती : भविष्यकाळाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. लॅटिनमधील ‘कांताबित’ (तो गाईल) व ‘कांतावित’ (तो गायला) यांतील ‘ब’ व ‘व’ यांचा उच्चारभेद लोकभाषेत नाहीसा झाल्याने भविष्य व भूत यांत संदिग्धता येऊ लागली. जुना भविष्यकाळ मागे पडण्याचे हे एक कारण मानले जाते. त्याच्या जागी सामान्यरूप व ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाचे हाबेओ हे क्रियापद यांचा संयोग पुढे आला. ‘मला गावयाचे आहे’ या धर्तीची ही रचना होय. कांतारे हाबेओ यापासून कांतार ए व त्यापासून कांतारे (अंत्य आघात) हे ‘मी गाईन’ या अर्थाचे रूप सिद्ध झाले. मध्ययुगीन ग्रंथांत या दोन घटकांच्या मध्ये कर्मवाचक सर्वनाम घालीत (कांतार–लो–ए, ‘मी ते गाईन’). शेजारच्या पोर्तुगीज भाषेच्या ग्रांथिक शैलीत अशी रचना अद्यापही आढळते. तिन्ही गणांना भविष्यकाळाचे प्रत्यय एकच असतात, यावरूनही त्यांचे मूळ एका साहाय्यक क्रियापदात असल्याचे दिसून येते. याच पद्धतीने, पण साहाय्यकाच्या भूतकालीन रूपापासून, कांतारीआ (मी गाईन असे, गायलो असतो) ही संकेतार्थी रूपमाला तयार झाली.

संयुक्त काळही असेच घडले. ए कांतादो (मी गायलो आहे) या रचनेत प्रारंभी धातुसाधित कर्माप्रमाणे लिंग व वचन बदलत असे. पुढे ते अविकारी झाले. ‘येणे’, ‘जाणे’ यांसारख्या अकर्मक क्रियापदांना पूर्वी सेर (असणे) हे साहाय्यक लागे. सतराव्या शतकापर्यंत त्याची जागा आबेरने घेतली.

नियमितपणाचा इतिहास : आज नियमित मानली जाणारी अनेक क्रियापदे मध्ययुगात तशी नव्हती. ‘त्याने लिहिले’ यासाठी एस्क्रीसो व ‘तो जगला’ यासाठी वीस्को ही लॅटिनपासून आलेली रूपे प्रचारात होती. बहुसंख्य क्रियापदांच्या सादृश्याने त्यांच्या जागी एस्क्रिबिओ व विविओ ही रूपे आली. साबूदो, तेनूदो यांसारखी –ऊदो प्रत्ययान्त धातुसाधितेही मागे पडून –ईदो प्रत्यय सार्वत्रिक झाला. नित्य वापरातील ‘असणे’, ‘जाणे’, ‘करणे’ इ. क्रियापदे मात्र अनियमितच राहिली. कारण वारंवार कानावर पडणारे रूप स्मरणात पक्के राहते व सादृश्याच्या प्रभावाला सहसा बळी पडत नाही. नियमितपणा हा अशा रीतीने भाषेचा मूळ स्वभाव नसून दीर्घकालीन समीकरणाचे फलित आहे.

व्याकरणकारांचे कार्य : आंतोन्यो दे नेब्रीहा (मृ. १५२२) याने १४९२ मध्ये सालामांका येथे प्रसिद्ध केलेले कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण हे स्पॅनिशचे पहिले मुद्रित व्याकरण होय. त्याने क्रियापदांचे तीन गण व लॅटिनच्या नमुन्यावर पाच अर्थ मानले. मात्र भविष्यकाळ हा सामान्यरूप व साहाय्यक यांचा संयोग असल्याचेही त्याने ओळखले होते. ग्रंथाचा पाचवा भाग परभाषिक विद्यार्थ्यांसाठी असून त्यात रूपांची कोष्टके दिली आहेत. लॅटिन व्याकरणाची हीच चौकट मिशनऱ्यांनी नव्या जगातील भाषांना लावली. आंद्रेस दे ओल्मोस याचे नावात्ल भाषेचे व्याकरण (१५४७) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. भारतात फादर टॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण (रायतूर, १६४०) याच परंपरेत मोडते.

स्पॅनिश अकादमीची स्थापना १७१३ मध्ये झाली व तिचे पहिले व्याकरण १७७१ मध्ये निघाले. तथापि क्रियापदाचे सर्वांत मौलिक विवेचन अमेरिका खंडात झाले. काराकास येथे जन्मलेला व चिलीत स्थायिक झालेला आंद्रेस बेल्यो (१७८१–१८६५) याने १८४१ मध्ये काळांच्या अर्थविश्लेषणावरील निबंध व १८४७ मध्ये अमेरिकनांसाठी लिहिलेले व्याकरण प्रसिद्ध केले. लॅटिनचे नियम स्पॅनिशवर लादू नयेत, अशी त्याची भूमिका होती. वर्तमान, भूत व भविष्य यांना ‘पूर्व’, ‘सह’ व ‘उत्तर’ या अर्थांची उपपदे जोडून त्याने काळांची तर्कशुद्ध परिभाषा सिद्ध केली. अपूर्ण भूतकाळाला त्याने ‘सहभूत’ म्हटले, कारण ती क्रिया भूतकाळातील दुसऱ्या घटनेच्या समकालीन असते. तर कांतारीआ हे रूप ‘उत्तरभूत’ ठरवून स्वार्थात घातले. अकादमीने संकेतार्थाला स्वतंत्र अर्थाच्या वर्गातून काढून स्वार्थात स्थान दिले, ते १९७३ च्या व्याकरण-आराखड्यात. बेल्योची परिभाषा मेक्सिकोतील शालेय अध्यापनात आजही आढळते.

वोसचा प्रश्न : बेल्योच्या प्रयत्नामागे एक भीती होती. लॅटिनप्रमाणे स्पॅनिशचेही नव्या प्रजासत्ताकांत तुकडे होऊन परस्परांना न कळणाऱ्या भाषा निर्माण होतील, असे त्याला वाटे. म्हणूनच लॅटिनचे जोखड झुगारणाऱ्या या व्याकरणकाराने वोस या सर्वनामाच्या वापरावर १८३३–३४ मधील लेखांत कठोर टीका केली. वोस हे मूळचे अनेकवचनी सर्वनाम मराठी ‘तुम्ही’प्रमाणे एका व्यक्तीला आदराने संबोधण्यासाठी वापरीत. पुढे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या वुएस्त्रा मेर्सेद या पदापासून उस्तेद हे आदरार्थी सर्वनाम निघाले. ते मूळचे नाम असल्याने त्याला तृतीय पुरुषी क्रियापद लागते. त्यानंतर वोसची प्रतिष्ठा घटली. स्पेनमध्ये ते लोपले. परंतु अर्जेंटिना, यूरग्वाय, पॅराग्वाय व मध्य अमेरिकेचा मोठा भाग यांत ते ‘तू’ या अर्थाने स्थिरावले आणि त्याबरोबर कांतास, कोमेस (दोहोंत अंत्य आघात), विवीस ही रूपे रूढ झाली. तीही प्राचीन द्वितीय पुरुषी अनेकवचनापासूनच आलेली आहेत.

ही रूपे कोट्यवधी लोक घरीदारी वापरीत. शालेय कोष्टकात मात्र त्यांना जागा नसे. ज्या देशात कोणी वोसोत्रोस म्हणत नाही, तेथील मुलांना कांताइस हे रूप पाठ करावे लागे आणि स्वतःच्या तोंडचे रूप अशुद्ध म्हणून टाळावे लागे. चिलीत शिक्षणाच्या प्रभावामुळे वोस हे सर्वनाम शिष्ट भाषणात मागे पडले, तरी कांताइ यासारखी त्याची क्रियारूपे अनौपचारिक बोलीत टिकून राहिली. अर्जेंटिनाच्या अकादमीने १९८२ मध्ये वोसची रूपे शिष्टसंमत मानली आणि स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी संयुक्तपणे सिद्ध केलेल्या २००९ च्या नव्या व्याकरणातील कोष्टकांत त्यांना अन्य रूपांबरोबर स्थान मिळाले. बेल्योला वाटलेली फूट पडली नाही आणि रूपवैविध्यही नाहीसे झाले नाही.

सद्यःस्थिती : रूपावलीत आजही बदल चालू आहेत. संभावनार्थाचा भविष्यकाळ (कांतारे, उपान्त्य आघात) बोलभाषेतून लुप्त झाला असून तो म्हणींत व कायद्याच्या भाषेत उरला आहे. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत मनुष्यवधाच्या कलमात त्याचा उपयोग केलेला आहे. ‘देश तसा वेश’ या अर्थाच्या स्पॅनिश म्हणीतील दोन्ही गौण क्रियापदे याच काळातील आहेत. साध्या भविष्यकाळाऐवजी बोलण्यात ‘जाणे’ या क्रियापदाने होणारी बोय आ कांतार (मी गाणार आहे) ही रचना अधिक आढळते. साधा भविष्यकाळ पुष्कळदा केवळ तर्क दर्शवितो. ‘पाच वाजले असतील’ या मराठी वाक्यातील भविष्यरूपासारखाच हा उपयोग आहे. साहाय्यक क्रियापदाच्या संयोगाने एकदा नवा झालेला भविष्यकाळ अशा प्रकारे पुन्हा दुसऱ्या साहाय्यकाकडे वळत असून, नियमित क्रियापदाचे कोष्टक हे भाषेच्या अखंड चालणाऱ्या घडणीतील एका अवस्थेचीच नोंद ठरते.