लेव्हेनहूकच्या भिंगाचं गुपित

आज सूक्ष्मदर्शकाकडे वळू. सुरुवातीला दोन नावांचा घोळ मिटवतो. एक लंडनचा रॉबर्ट हूक, दुसरा डच माणूस, डेल्फ्ट गावचा अँटनी लेव्हेनहूक. दोघांच्या नावात 'हूक' आहे, पण नातं काही नाही.

शाळेत आपण शिकतो, की हूकनं १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक काढलं, बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं. त्याचा सूक्ष्मदर्शक संयुक्त, म्हणजे दोन किंवा अधिक भिंगांचा. पदार्थभिंग वस्तूची मोठी प्रतिमा तयार करतं आणि नेत्रिका ती आणखी मोठी करते. मग लेव्हेनहूक तर एकाच भिंगातून पाहायचा, आणि तरी त्याला हूकपेक्षा बारीक दिसायचं. हे कसं?

असं बघा. वस्तू डोळ्याच्या जवळ आणली की मोठी दिसते, पण साधारण २५ सेंटिमीटरच्या आत आणली की धूसर होते. भिंग आपल्याला आणखी जवळ जायची सोय करून देतं, इतकंच. भिंगाचं नाभीय अंतर १ मिलिमीटर असेल, तर २५० मिलिमीटर भागिले १, म्हणजे वस्तू सुमारे २५० पट मोठी दिसणार. नाभीय अंतर कमी हवं तर भिंग लहान आणि गोल हवं. टाचणीच्या डोक्याएवढा काचेचा मणी!

आता दोन भिंगांची अडचण. काच निळा प्रकाश जास्त वळवते, तांबडा कमी. त्यामुळे प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येते. पहिल्या भिंगाचा हा दोष दुसरं भिंग इमानेइतबारे मोठा करून दाखवतं. एका भिंगात दोष एकदाच येतो. जोसेफ जॅक्सन लिस्टरनं १८३० मध्ये भिंगांची योग्य जुळणी दाखवून दिली, तोवर ही अडचण नीटशी सुटली नव्हती.

लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी. त्याला लॅटिन येत नव्हतं, सगळा पत्रव्यवहार डचमध्ये. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्यानं मिरे पाण्यात भिजत घातले आणि त्या पाण्यात त्याला वळवळणारे जीव दिसले! ऑक्टोबर १६७६ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला हे कळवलं. सोसायटीनं विचारलं, तुमची पद्धत काय? याचं उत्तर, ती सांगणार नाही. त्याऐवजी त्यानं गावातल्या प्रतिष्ठितांच्या, त्यात धर्मगुरूही होते, साक्षी पाठवल्या. आम्ही डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांनी लिहून दिलं. विज्ञानात असं चालतं का? माझ्या मते सोसायटीनं शंका घेतली ते बरोबरच केलं. साक्षीदार कितीही भले असोत, दुसऱ्याला स्वतः करून बघता आलं पाहिजे.

ते काम शेवटी हूककडे आलं. पहिल्या प्रयत्नांत काही दिसेना. मग त्यानं भिंग सुधारलं, मिऱ्याचं पाणी अगदी बारीक काचेच्या नळीत घेतलं, आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सभासदांनी ते जीव पाहिले. त्यात वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनही होता. म्हणजे लेव्हेनहूकला खरं ठरवलं हूकनं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. एकच लहान भिंग जास्त स्वच्छ दाखवतं हे हूकला आधीपासून माहीत होतं. काचेचा तंतू ज्योतीत धरायचा, टोक वितळून मणी होतो, ही कृती त्यानं 'मायक्रोग्राफिया'च्या प्रस्तावनेतच छापली होती. पण इतकं चिमुकलं भिंग डोळ्याला चिकटवून बसायचं, डोळे दुखायचे, म्हणून त्यानं ते बाजूला ठेवलं. लेव्हेनहूकनं मात्र जन्मभर तो त्रास काढला. पाचशेच्या वर भिंगं केली, आणि १७२३ साली गेला तो गुपित घेऊनच.

त्याचे मोजकेच सूक्ष्मदर्शक उरलेत. उत्रेख्तच्या संग्रहालयातला एक सुमारे २७० पट मोठं दाखवतो. भिंग दोन धातूच्या पत्र्यांमध्ये अडकवलेलं, त्यामुळे ते कसं केलंय हे उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि असली वस्तू उघडणार कोण? शेवटी डच संशोधकांनी न्यूट्रॉन वापरले, कारण ते धातूतून आरपार जातात. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आत घासून केलेलं भिंग नव्हतंच. आत होता ज्योतीत वितळवलेला काचेचा मणी.