पडलेलें झाड आणि कॅमेरा

अरण्यांत उन्मळून पडलेलें झाड दिसलें कीं, व्यवहारी मनुष्याला प्रथम लांकडाची किंमत आठवते. तें लांकूड जागच्या जागीं कुजूं द्यावें, यांत त्याला निव्वळ नुकसान दिसतें. ही दृष्टि पालटण्यास किती काळ लागतो आणि छायाचित्रांचें त्यांत कसें साह्य होतें, हें अमेरिकेंतील ॲडिरॉन्डॅक पर्वताच्या इतिहासावरून कळतें.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस असलेल्या या पर्वतांत हडसन नदीचा उगम आहे. एकोणिसाव्या शतकांत येथें बेसुमार लांकूडतोड झाली, तेव्हां नद्या व ईरी कालवा यांचें पाणी आटेल अशी धास्ती व्यापाऱ्यांनाही वाटूं लागली. म्हणून १८८५ सालीं सरकारी अरण्यें राखीव करण्यांत आलीं.

त्या काळीं ग्लेन्स फॉल्स गांवचा सेनेका रे स्टॉडर्ड (१८४३–१९१७) हा छायाचित्रकार या भागांत हिंडत असे. रॅकेट नदीवरील बंधाऱ्यामुळें पाणी तुंबलें आणि कांठचीं झाडें उभ्या जागीं मेलीं. त्या निष्पर्ण खोडांचीं चित्रें त्यानें घेतलीं. १८९२ त ऑल्बनी येथें कायदेमंडळाच्या सभासदांना त्यानें मॅजिक लॅन्टर्नवर या प्रदेशाचीं चित्रें दाखविलीं. त्याच वर्षीं ॲडिरॉन्डॅक पार्कचा कायदा झाला. १८९४ त तर राज्यघटनेंतच कलम आलें : राखीव अरण्य सदैव वन्य ठेवावें, तेथील लांकूड विकूं, हलवूं वा नष्ट करूं नये.

या कलमानें झाडांस जगण्याचा हक्क दिला. त्याबरोबरच पडून कुजण्याचाही दिला. परंतु या दुसऱ्या हक्काचें मोल लवकर उमगलें नाहीं. नोव्हेंबर १९५० च्या वादळांत अगणित झाडें कोसळलीं, तेव्हां वणव्याच्या भयानें तीं बाहेर काढण्यास सरकारनें मुभा दिली.

पुढें एलियट पोर्टर (१९०१–१९९०) याचीं रंगीत चित्रें लोकांपुढें आलीं. हार्वर्ड येथें वैद्यकाची पदवी घेऊन तेथेंच तो जीवरसायन शिकवीत असे. तें सोडून त्यानें कॅमेरा हातीं धरिला. त्याचीं ॲडिरॉन्डॅकचीं चित्रें १९६६ सालीं ‘फॉरेव्हर वाइल्ड’ या ग्रंथांत प्रसिद्ध झालीं. भव्य शिखरांपेक्षां त्याची नजर गळालेलीं पानें, शेवाळ, दगडफूल अशा पायांखालच्या वस्तूंवर अधिक रमे. स्टॉडर्डचीं मेलेलीं झाडें मनुष्याच्या अविचाराची साक्ष देतात. पोर्टरचीं गळालेलीं पानें अरण्याच्या संसाराची. बुरशी व किडे लांकूड पोखरतात, त्याची माती होते, आणि ओल धरणाऱ्या त्याच ओंडक्यावर स्प्रूस व बर्च यांचीं रोपें रुजतात.

जुलै १९९५ त पुन्हां मोठें वादळ झालें. या वेळीं वाटा मोकळ्या करण्यापुरतीं झाडें बाजूस सारून राखीव अरण्यांतील बाकीचीं सरकारनें तशींच पडूं दिलीं. कलम शंभर वर्षांपूर्वींचेंच होतें. बदलली होती ती पाहणाऱ्यांची नजर, आणि ती घडविण्यांत छायाचित्रकारांचाही वांटा आहे.