आरे कारशेड वाद

आरे कारशेड वाद हा मुंबई मेट्रोच्या मार्गिका ३ साठी गोरेगाव येथील आरे दुग्ध वसाहतीत कारशेड (गाड्यांचे देखभाल आगार) उभारण्यावरून निर्माण झालेला वाद होय. प्रदूषण घटवणाऱ्या सार्वजनिक वाहतुकीसाठी वृक्षतोड करावी काय आणि अशा निर्णयात लोकमताला कितपत स्थान असावे, हे प्रश्न त्यातून पुढे आले.

पार्श्वभूमी

कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही मार्गिका ३३.५ किमी लांबीची असून जवळजवळ संपूर्णपणे भुयारी आहे. मेट्रोमुळे रस्त्यांवरील वाहने व कार्बन उत्सर्जन कमी होईल, अशी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनची भूमिका होती. विरोधकांचा आक्षेप मेट्रोला नसून कारशेडच्या जागेला होता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या या हरित पट्ट्यात आदिवासी पाडे असून मिठी नदीचे पाणलोट क्षेत्रही आहे.

हरकती आणि वृक्षतोड

१९७५ च्या राज्य वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार वृक्षतोडीपूर्वी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. त्यानुसार नागरिकांनी हजारो हरकती नोंदवल्या. तथापि, २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडांच्या पुनर्रोपणास मंजुरी दिली. ४ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. परिसरात जमावबंदी लागू करून २९ आंदोलकांना अटक करण्यात आली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी वृक्षतोड थांबवली. तोपर्यंत २,१४१ झाडे तोडली गेली होती.

धोरणातील बदल

२९ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कारशेडच्या कामास स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय झाला. परंतु तेथील जमिनीच्या मालकीवरून केंद्र व राज्य यांच्यात वाद झाला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या कामास मनाई केली. २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या एकनाथ शिंदे सरकारने आरेचीच जागा कायम केली. पुढे ८४ ऐवजी १७७ झाडांसाठी परवानगी मिळवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये कॉर्पोरेशनला १० लाख रुपयांचा दंड केला. मात्र कामास अनुमती दिली.

फलनिष्पत्ती

मार्गिकेचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, तर कफ परेडपर्यंतची संपूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुली झाली. वृक्ष प्राधिकरणापुढील हरकतींची प्रक्रिया जागा निश्चित झाल्यानंतरची होती. त्यामुळे पर्यायी जागेचा मूळ प्रश्न तेथे सुटू शकला नाही. तो न्यायालयांत आणि सत्तांतरांसोबत बदलणाऱ्या शासकीय निर्णयांत अनेक वर्षे रेंगाळला.