एका सबबीचा मागोवा

६ ऑक्टोबर १९७६. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सच्या नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांना आव्हान देणारे जिमी कार्टर परराष्ट्र धोरणावर वाद घालायला उभे राहिले. प्रश्न विचारायला तीन पत्रकार होते, तिघेही पुरुष. सूत्रं मात्र पॉलिन फ्रेडरिक यांच्या हाती होती. प्रश्नाची पाळी कुणाची, उत्तर कुठे थांबवायचं हे त्या सांगणार आणि देशाचा अध्यक्ष ते ऐकणार. अमेरिकी अध्यक्षपदाच्या वादसभेचं संचालन बाईने करण्याची ही पहिलीच वेळ.

फ्रेडरिकबाई तेव्हा सत्तरीकडे झुकल्या होत्या. ऐन उमेदीत रेडिओच्या अधिकाऱ्यांनी त्यांना एकच कारण सांगून पुन्हा पुन्हा परत पाठवलं होतं: बाईच्या आवाजाला वजन नसतं, लोक ऐकून घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास केलेल्या बाईला हे ऐकवलं जात होतं. म्हणून मला त्यांच्या पराक्रमांच्या यादीपेक्षा या सबबीची कुळकथा जास्त महत्त्वाची वाटते. ती कुठून आली आणि कशी हटली, हे पाहिलं की एकटीच्या गुणवत्तेने काय साधतं आणि काय साधत नाही, ते कळतं.

सबबीचा जन्म रेडिओच्या बाल्यावस्थेतला. १९२६मध्ये न्यूयॉर्कजवळच्या डब्ल्यूजेझेड केंद्राने पाच हजार श्रोत्यांचा कौल घेतल्याचं सांगितलं. निवेदक पुरुषच हवा म्हणणारे शंभर, तर बाई चालेल म्हणणारा एक, असं त्याचं प्रमाण. आता जरा यंत्रात डोकावू. तेव्हा एका केंद्राच्या वाट्याला येणारा लहरींचा पट्टा इतका अरुंद होता की साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज त्यात मावत नसे. ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांचा बराच भाग नेमका त्या वरच्या टोकाला असतो आणि बायकांच्या उच्चारात तो आणखी वर सरकतो. तोच भाग छाटला गेल्यावर शब्द पुसट होणार, आवाज पातळ वाटणार. बेल प्रयोगशाळेतले संशोधक जे. सी. स्टाइनबर्ग यांनी १९२७मध्ये यावर लेख लिहिला. यंत्रं पुरुषी आवाज धरून घडवली होती, पण उणेपणा लागला तो बाईच्या गळ्याला. मर्यादा यंत्राची आणि नाव आवाजाचं, ही या सगळ्या गोष्टीतली पहिली फसवणूक.

यंत्रं पुढे सुधारली, सबब तशीच राहिली. फक्त तिने कपडे बदलले. ‘ऐकू नीट येत नाही’ याच्या जागी ‘ऐकायला बरं वाटत नाही’ आलं. बीबीसीने १९३३मध्ये शीला बॉरेट यांना राष्ट्रीय प्रसारणावर निवेदनाला बसवलं आणि काही महिन्यांत उठवलं. श्रोत्यांच्या तक्रारी आल्या, हे कारण. मात्र अमेरिकेत मेरी मार्गारेट मॅकब्राइड १९३४पासून रेडिओवर दुपारच्या वेळात मुलाखती घेत होत्या, त्यांना ऐकायला श्रोते कमी पडत नव्हते. १९४४मध्ये त्यांच्या कार्यक्रमाला दहा वर्षं झाली तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन माणसांनी भरून गेलं. म्हणजे बाईचा आवाज खपत होता, लोकप्रियही होता. स्वयंपाक, मुलं, गप्पा यांसाठी तो हवाच होता. बातमीसाठी नको होता. हरकत आवाजाला होती असं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. ती कोणत्या गोष्टी कुणी सांगायच्या याबद्दल होती.

बेटी वेसन यांची हकिगत ऐकून अजूनही चीड येते. १९४०च्या वसंतात जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला, तेव्हा ही तरुण अमेरिकी वार्ताहर स्वीडनमधून सीमा ओलांडून आत शिरली आणि बातमी घेऊन परतली. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने तिला कळवलं की तुझा आवाज फार कोवळा, बायकी वाटतो, वाचायला एखादा पुरुष शोध. तिने विन्स्टन बर्डेट नावाचा तरुण पत्रकार शोधून दिला. पुढे सीबीएसचे युद्धवार्ताहर एडवर्ड मरो यांच्या नामवंत चमूत त्याची गणना झाली. ग्रीसमध्येही तेच. बातमी वेसनने मिळवायची, लिहायची आणि अथेन्समधून ती वाचताना एका पुरुषाने आपलं नाव सांगून म्हणायचं की मी बेटी वेसनच्या वतीने बोलतोय. अमेरिकेत परतल्यावर सीबीएसकडून तिला काम मिळालं नाही.

यानंतर थोड्याच काळाने, ऑगस्ट १९४२मध्ये, मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र चालवू लागले. मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. ४२.३४ मीटरवरून येणाऱ्या त्या आवाजात वजन आहे का, हा प्रश्न ऐकणाऱ्यांना पडला नाही. इंग्रज पोलिसांना तर तो इतका जड वाटला की १२ नोव्हेंबरला धाड घालून त्यांनी तो बंद पाडला आणि मेहतांना चार वर्षांची कैद झाली. भूमिगत केंद्रावर नेमणुका करणारा अधिकारी नव्हता, एवढाच काय तो फरक.

फ्रेडरिकबाईंचा प्रवेशही मागच्या दारानेच झाला. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी सुरुवातीला राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या मुलाखती वृत्तपत्रासाठी लिहिल्या. बायकांच्या पानाला चालेल असा विषय आणि त्यातून राजकारण कळण्याची वाट, दोन्ही एकात. १९३९मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकिया गिळला, त्यानंतर लगेच त्या देशाच्या राजदूताच्या पत्नीची मुलाखत त्यांनी एनबीसी रेडिओवर घेतली. युद्ध संपल्यावर त्या न्यूरेंबर्गच्या खटल्याला जाऊन आल्या. एवढं पाठीशी असताना १९४६मध्ये एबीसी रेडिओने त्यांना पहिलं काम दिलं ते ‘नवरा कसा मिळवावा’ या विषयावरच्या चर्चासत्राचं!

मग एक दिवस दोन बातम्या एकदम आल्या. एकीकडे परराष्ट्रमंत्र्यांची परिषद, दुसरीकडे ट्रकवाल्यांचा संप. हाताशी असलेला पुरुष वार्ताहर एकच. संपात डोकी फुटतील, तिथे बाईला कसं पाठवायचं, म्हणून तो संपाला गेला आणि परिषद फ्रेडरिकबाईंच्या वाट्याला आली. बाईला जपण्याच्या हिशेबाने तिला जागतिक राजकारण मिळालं. १९४८मध्ये फिलाडेल्फियात पक्षांची अधिवेशनं दूरचित्रवाणीवर दाखवायची ठरली तेव्हाही वार्तांकनाबरोबर स्वतःचा मेकअप त्यांनाच करायचा होता आणि मुलाखतीला येणाऱ्या बायकांचाही. पुरुष वार्ताहराच्या हातात त्या दिवशी फक्त कागद होते.

१९५३मध्ये त्या एनबीसीकडे आल्या आणि संयुक्त राष्ट्रसंघाचं वार्तांकन पुढे वीसेक वर्षं त्यांच्याकडे राहिलं. त्याच सप्टेंबरात आमसभेच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक स्त्री निवडून आली: विजयालक्ष्मी पंडित, मूळच्या कोकणातल्या मराठी घराण्यातले रणजित पंडित यांच्या पत्नी. जगभरच्या मुत्सद्द्यांना शांत बसायला सांगणारी बाई व्यासपीठावर, आणि ते काम अमेरिकेला सांगणारी बाई माइकपाशी. १९५९मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वार्ताहर संघटनेने फ्रेडरिकबाईंना आपलं अध्यक्ष निवडलं, त्या जागेवरच्याही त्या पहिल्याच स्त्री. प्रसारणातला मानाचा पीबडी पुरस्कार त्यांना त्याआधीच मिळाला होता.

तरी दाराबाहेर राहिलेल्या बायकांची संख्या काही त्यामुळे कमी झाली नाही. ते काम दुसऱ्याच लोकांनी केलं. वॉशिंग्टनचा नॅशनल प्रेस क्लब १९०८चा, निव्वळ पुरुषांचा. बायकांनी १९१९मध्ये आपला वेगळा विमेन्स नॅशनल प्रेस क्लब काढला. १९३३मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषदा सुरू केल्या आणि तिथे फक्त स्त्री पत्रकारांना प्रवेश ठेवला. मंदीत नोकऱ्या तुटत असताना संपादकांना निदान एक बाई कामावर ठेवणं भाग पडलं. हा डाव मला फार आवडतो. त्यात विनवणी नव्हती, बातमीच अशा जागी ठेवली होती की बाईवाचून ती मिळूच नये. रेडिओतल्या बायकांनी १९४२पासून मालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या छायेत आपलं मंडळ चालवलं. ती छाया निघाल्यावर १९५१मध्ये अमेरिकन विमेन इन रेडिओ अँड टेलिव्हिजन ही स्वतःची संघटना उभी केली. मोठ्या शहरातली मुलाखतकार आणि लहान गावातल्या केंद्रावर बायकांचा तास चालवणारी, दोघींना पगार, वेळा, बढत्या यांची तुलना करायला पहिल्यांदा एक जागा मिळाली.

नॅशनल प्रेस क्लबने १९५५मध्ये केलेली सवलत मात्र नुसत्या नकाराहून जास्त झोंबणारी होती. परदेशी पंतप्रधान, मंत्री, मोठमोठे पाहुणे याच क्लबात जेवणावळीला भाषण करत आणि तीच दुसऱ्या दिवशीची बातमी. बायकांना भाषण ऐकायला परवानगी मिळाली, पण बाल्कनीतून. खाली गोल टेबलांवर पुरुष पत्रकार जेवत, हात वर करून पाहुण्याला प्रश्न विचारत. वर कॅमेऱ्यांच्या आणि दिव्यांच्या गर्दीत बायका उभ्याने टिपणं काढत. जेवण नाही, प्रश्न नाही. भाषण संपलं की निघायचं. १९५९मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आले तेव्हा स्त्री पत्रकारांनी इतका जोर लावला की त्या दिवसापुरत्या तीसेक जणी खाली टेबलांवर बसल्या. दुसऱ्या पाहुण्याच्या वेळी पुन्हा बाल्कनी. परदेशी वकिलातींना पत्रं लिहून, तुमच्या नेत्याने तिथे बोलू नये असं कळवत राहणं, हा उद्योग त्या बायकांनी वर्षानुवर्षं केला. क्लबाने स्त्रियांना सभासद केलं १९७१मध्ये.

१९७६ची वादसभाही अशाच एका संघटनेच्या घरची. स्त्रियांना मताधिकार मिळाला त्या १९२० साली स्थापन झालेली लीग ऑफ विमेन व्होटर्स. अध्यक्षपदाच्या वादसभा १९६०नंतर बंदच पडल्या होत्या. वाहिन्यांनी दोनच उमेदवार बोलावले तर उरलेल्या सगळ्यांना तेवढाच वेळ देण्याची कायदेशीर अडचण येई. १९७५मध्ये प्रसारण आयोगाने अर्थ लावला की सभा तिसऱ्याच कुणी भरवली आणि वाहिनीने ती घटना म्हणून दाखवली तर चालेल. ते तिसरं कुणी म्हणजे लीग. फिलाडेल्फियातल्या पहिल्या सभेचे संचालक एडविन न्यूमन. तिथे ध्वनियंत्रणा बिघडली आणि दोन्ही उमेदवार सत्तावीस मिनिटं मुक्याने उभे राहिले. दुसरी सभा फ्रेडरिकबाईंची. पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं फोर्ड बोलून गेले ते याच रात्री, आणि ते वाक्य त्यांना निवडणुकीपर्यंत भोवलं. तिसरी बार्बरा वॉल्टर्स यांची. वॉल्टर्स याच ऑक्टोबरच्या ४ तारखेपासून एबीसीच्या रात्रीच्या बातम्या पुरुष सहकाऱ्याच्या बरोबरीने देऊ लागल्या होत्या. तीन सभांपैकी दोन बायकांकडे होत्या आणि आवाजाच्या वजनाबद्दलची ती जुनी हरकत त्या वर्षी निर्णायक ठरली नाही.

१९८८मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रचारप्रमुखांनी आपसात अटी ठरवून त्या पुढे केल्या, तेव्हा लीगने ही मतदारांची फसवणूक आहे असं जाहीर करून सभा भरवायचं नाकारलं. काम गेलं पक्षांनीच स्थापन केलेल्या आयोगाकडे. १९९२मध्ये कॅरोल सिम्पसन यांनी रिचमंडची सभा चालवली. त्यानंतर वीस वर्षं अध्यक्षीय वादसभांचं संचालन एकाही बाईकडे गेलं नाही. वाहिन्यांवर तोवर स्त्री संपादक, स्त्री वार्ताहर, स्त्री निवेदक भरपूर झाल्या होत्या. आवाजाची सबब कुणी काढत नव्हतं, कसलीच सबब काढत नव्हतं. २०१२मध्ये न्यू जर्सीतल्या तीन शाळकरी मुलींना नागरिकशास्त्राच्या अभ्यासात हे लक्षात आलं. त्यांनी इंटरनेटवर मागणीपत्र काढलं, लाखाहून जास्त सह्या जमवल्या. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला न्यूयॉर्क राज्यातल्या हॉफस्ट्रा विद्यापीठात ओबामा आणि रॉम्नी यांच्या सभेची सूत्रं सीएनएनच्या कँडी क्राउली यांच्याकडे आली, सिम्पसन यांच्या सभेनंतर वीस वर्षांनी.